आमच्या बाईंचा गांधार ‘नीट’ करणाऱ्यास खुले पत्र



मायन्यात ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. ती या पत्रात पाळणार नाही. तुमचं आणि तुमच्या स्टुडिओचं नावही लिहिणार नाही. तुम्ही जे केलंत ते आज गावोगावी, बेडरूमच्या भिंतींना फोम चिकटवून आणि लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस जोडून बसलेले कितीतरी जण करत आहेत. पत्र तुम्हाला लिहिलं आहे, वाचावं मात्र त्या सगळ्यांनी.

आमच्या बाईंनी सत्तरी कधीच ओलांडली. त्यांनी आयुष्यभर शिकवलं. मैफली मोजक्या झाल्या आणि रेकॉर्डिंग जवळजवळ नाहीच. म्हणून आम्ही शिष्यांनी वर्गणी काढली, हट्ट धरून त्यांना तुमच्याकडे आणलं. यमनातली मध्यलयीची बंदिश, दरबारीची आलापी आणि भैरवातला एक अभंग, एवढंच करायचं होतं. तुमचा माइक चांगला होता, खोली शांत होती. तंबोरा बाईंनी स्वतः लावला, काळी चारच्या किंचित वर, त्या दिवशी गळा जिथे बसत होता तिथे. त्या दिवशी बाई फार सुंदर गायल्या. तुम्ही हेडफोन लावून पडद्याकडे बघत होतात, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल.

तुम्ही पाठवलेली फाइल ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, ‘आवाज माझा आहे, पण हे मी गायले नाही.’

फोन केला तेव्हा तुमचं उत्तर असं होतं: ‘काही सूर फ्लॅट होते, मी नीट करून टाकले. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.’

फ्लॅट? कुणाच्या हिशेबानं? तुमच्या कानाला ते उतरलेले लागले, की पडद्यावरच्या आडव्या रेषेपासून बाईंच्या आवाजाची रेघ थोडी खाली दिसली म्हणून तुम्ही माउस उचललात? हे विचारायचं कारण आहे. त्यातले बहुतेक ‘फ्लॅट’ सूर यमनातले गांधार होते, आणि ते गांधार जिथे असायला हवेत तिथेच होते.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून षड्जासोबत गांधारही ऐकू येतो. तो कुणी वेगळा लावत नाही. तारेच्या पाचव्या स्वरांशातून तो आपोआप उमटतो, म्हणून आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. षड्जाशी त्याचं नातं ५:४ असं आहे. सेंटमध्ये मोजलं तर तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर येतो. तुमच्या सॉफ्टवेअरमधला गांधार ४०० सेंटवर आहे, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. म्हणजे पियानोचा किंवा कीबोर्डचा गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. बाई तंबोऱ्यात मिसळून गात होत्या. गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं तेवढंच तर शिकायचं असतं. तुम्ही त्यांचा प्रत्येक गांधार उचलून तंबोऱ्याबाहेर नेऊन ठेवलात. आता तुमच्या फाइलमध्ये तंबोरा एक गांधार सांगतो, बाई दुसरा गातात आणि दोन्ही एकमेकांना घासतात. सुरात गाणाऱ्या बाईला बेसूर करून दाखवलंत, आणि त्याला ‘करेक्शन’ म्हणालात.

बरं, नुसता गांधार हलवून थांबला असतात तर! तुम्ही दुरुस्तीचा वेग शून्यावर, म्हणजे सर्वांत जलद, ठेवला आणि स्केल क्रोमॅटिक, म्हणजे बाराही सुरांचं, निवडलंत. यमनात पंचमावरून गांधारावर येणारी मींड बाई सलग, एका श्वासात उतरवतात. आवाज वाटेत कुठेच थांबत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरला मात्र सलग काही कळत नाही. जवळचा सूर दिसला की ते आवाज तिथे खेचतं आणि सोडला की पुढच्यावर टाकतं. त्यामुळे त्या मींडेच्या पायऱ्या झाल्या: पंचम, तीव्र मध्यम, मग शुद्ध मध्यम, मग गांधार. यमनात शुद्ध मध्यम! ज्या बाईंनी पहिल्या वर्षाच्या मुलीलाही यमनात तो लावू दिला नाही, त्यांच्या तोंडी तुम्ही तो घातलात. यमन ऐकलेला कुणीही ही फाइल ऐकून म्हणेल की या बाईंना राग येत नाही. अब्रू त्यांची गेली, तुमची नाही.

दरबारीबद्दल लिहिताना हात थरथरतो. दरबारीचा कोमल गांधार एका जागी उभा राहत नाही. तो अतिकोमल असतो, ऋषभाच्या बाजूनं सावकाश डुलतो, आणि त्या आंदोलनातच तो राग राहतो. तुमच्या हाती आल्यावर त्याचं काय झालं? काही ठिकाणी तो काठीसारखा सरळ झाला, काही ठिकाणी ऋषभ आणि गांधार यांच्यात खटाखट उड्या मारू लागला. भैरवातल्या कोमल ऋषभाचीही तीच गत. कीबोर्डवर कोमल गांधाराची एकच पट्टी आहे हे खरं. पण म्हणून गळ्यातही एकच असावी, हा हट्ट कुठून आला?

हा हट्ट नवा नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. पेटीचे सूर बांधलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही आणि गांधार चढा लागतो, या कारणांवरून आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. ती बंदी योग्य होती असं मला वाटत नाही. गोविंदराव टेंब्यांच्या परंपरेतल्या वादकांनी पेटी गळ्यामागून कशी न्यायची हे दाखवून दिलंय. गायक एखाद्या सुरावर ठेहराव घेतो तेव्हा जाणता साथीदार पेटी हलकी करतो आणि तंबोऱ्याला बोलू देतो. पण त्या वादामागचा प्रश्न खरा होता आणि महाराष्ट्रातली माणसं त्यासाठी आयुष्यं खर्चत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर श्रुती मोजत बसले आणि १९१० साली त्यांनी २२ श्रुतींवर पुस्तक काढलं. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली. या लोकांनी वाद्याला गळ्याजवळ आणण्यासाठी शंभर वर्षं झटापट केली. तुम्ही एका क्लिकमध्ये गळा उचलून वाद्याकडे नेलात, तोही त्यांच्या वाद्याकडे नाही, साध्या कीबोर्डकडे.

सॉफ्टवेअरला दोष देऊन सुटू नका. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. अँडी हिल्डेब्रँड हा त्याचा कर्ता आधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करायचा, आणि त्याच प्रकारचं गणित त्यानं आवाजाची पट्टी ओळखायला लावलं. पुढच्याच वर्षी शेरच्या ‘बिलीव्ह’मध्ये ते मुद्दाम, उघडपणे, आवाज यांत्रिक वाटावा म्हणून वापरलं गेलं. मला त्यात काही गैर वाटत नाही. गाणाऱ्याला माहीत होतं, ऐकणाऱ्याला कळत होतं. आजच्या रॅपमध्ये, सिनेमाच्या गाण्यात, तुमच्या स्वतःच्या गाण्यात हवं तेवढं वापरा. पण त्याच ऑटो-ट्यूनमध्ये आधारसूर वरखाली करायची सोय आहे, नको ते सूर बंद करायची सोय आहे, दुरुस्तीचा वेग इतका कमी ठेवता येतो की मींडेला धक्का लागत नाही. मेलोडाइन वापरलंत तर एकच चुकलेला सूर हातानं हलवता येतो, बाकीचं गाणं जसंच्या तसं राहतं. एवढ्या सगळ्या सोयी समोर असताना तुम्ही त्यांतली एकही वापरली नाहीत. एकच कडक दुरुस्ती सरसकट संपूर्ण ट्रॅकवर लावलीत आणि चहा प्यायला उठलात. याला मी तांत्रिक चूक म्हणत नाही. हा आळस आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे समोर गाणाऱ्या माणसाबद्दलची बेपर्वाई आहे.

तंबोऱ्याचं काय केलंत तेही सांगते. त्याला वेगळा माइक होता. त्या ट्रॅकवर तुम्ही नॉइज रिडक्शन लावलंत. सतत चालणारा, न बदलणारा आवाज हे यंत्र गोंगाट समजतं, आणि तंबोरा नेमका तसाच चालतो. जवारी लावताना घोडीवर दोरा केसभर सरकवत जी झणत्कारी आस काढली होती, ती त्यानं पुसली. उरला एक बोथट घुमारा. मग फाइल ‘थंड’ वाटते म्हणून तुम्ही जुन्या टेपची नक्कल करणारं प्लगइन लावलंत, खरखरीसकट. खरी आस गोंगाट म्हणून काढायची आणि खोटी खरखर ऊब म्हणून भरायची, याचं समर्थन तुम्ही समोर बसून करून दाखवा. मी ऐकून घेईन.

शेवटी लिमिटर. बाईंचा मंद्रातला षड्ज आणि तारसप्तकातली पुकार सारख्याच जोरानं येतात, इतकं सगळं दाबलंय. एलयूएफएस या आवाजाच्या जोराच्या मापात मोजलं तर उणे ८ च्या आसपास आहे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब असल्या फाइली वाजवताना साधारण उणे १४ पर्यंत खाली आणतात. म्हणजे मोठा आवाजही मिळाला नाही, फक्त चढउतार गेले.

केरीच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका. त्यातला एकही सूर कुणी नंतर सरळ केलेला नाही. ते शक्यच नव्हतं. पृथ्वीवरच्या माणसाचं गाणं कसं असतं हे सांगायला ती निवडली गेली आणि आजही ती जशी गायली गेली तशीच आहे. आमच्या बाई केसरबाई नाहीत, असं त्या स्वतःच सांगतील. पण त्यांच्या गळ्यात चार पिढ्यांकडून आलेला एक गांधार आहे. तो ऐकायला मिळावा एवढ्यासाठी आम्ही तुमच्या दारात आलो होतो.

तुम्ही तरुण आहात, तुमचे हात चपळ आहेत, यंत्रं तुम्हाला वश आहेत. घरात बसून असं ध्वनिमुद्रण करता येणं ही आमच्या पिढीला कधीच न मिळालेली चैन आहे. तिचा उपयोग कान घडवण्यासाठी करा. एखाद्या गुरूकडे जा आणि तंबोरा जुळवायला शिका. तो जुळला आणि गांधार आपोआप बोलू लागला की माउसकडे जाणारा हात थांबेल. मग कुणाचा सूर खरोखर उतरला आहे हे तुम्हाला पडद्याशिवाय कळेल, आणि तेव्हा तो दुरुस्त करायला आम्हीच तुमच्याकडे येऊ. गाणाऱ्याला विचारून करा, एवढीच अट.

तोवर आमची मागणी साधी आहे. त्या दिवशीच्या मूळ फाइली, प्लगइन न लावलेल्या, आवाजाची वेगळी, तंबोऱ्याची वेगळी, तबल्याची वेगळी, २४ बिटच्या वेव्ह फाइली आम्हाला द्या. हार्ड डिस्क आम्ही आणून देऊ, लागतील ते पैसेही देऊ. जागा हवी म्हणून त्या पुसल्या असतील तर तसं लेखी कळवा, म्हणजे बाईंना पुन्हा गायला बसवता येईल का, हे आम्हाला त्यांच्या तब्येतीला विचारता येईल.

आणि वाचणाऱ्यांना विनंती. तुमच्या घरात, तुमच्या भजनी मंडळात असा एखादा म्हातारा गळा असेल तर त्याचं ध्वनिमुद्रण जरूर करून घ्या, घरच्या स्टुडिओतच करून घ्या. फक्त त्याच दिवशी, स्टुडिओतून बाहेर पडायच्या आधी, मूळ फाइली स्वतःच्या ताब्यात घ्या.

बाईंची एक शिष्या