गिनीपिगच्या खरजेच्या किड्यास खुले पत्र

ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिए,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची रीत आहे. ज्याच्या अंगावर पोट भरायचं त्याचीच कातडी पोखरणाऱ्याला मी नमस्कार लिहीत नाही. १९७२ साली शास्त्रज्ञांनी तुला हे भारदस्त लॅटिन नाव दिलं. तुझी मर्दुमकी मात्र जेमतेम किलोभर वजनाच्या मुक्या जिवापुरतीच.

तू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीस, हेच तुझं भांडवल. तुझी मादी कातडीत बोगदे खणते, त्यातच अंडी घालते, आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी खणायला हजर होते. आमच्या भुरी नावाच्या गिनीपिगच्या खांद्यावर आधी नुसता कोंडा दिसला. मग केस झडले, कातडी जाड झाली, पिवळट खपल्या धरल्या, आणि मागच्या पायाच्या नखांनी खाजवून खाजवून तिने स्वतःचं रक्त काढलं. एका संध्याकाळी पाठीवर नुसता हात ठेवला तर तिचं अंग ताठ झालं आणि पाय झडू लागले. लोकांना ती फिट वाटते. एवढ्याशा जिवाला आकडी येईपर्यंत खाज सुटते, ही तुझी करणी. पुढे जनावर खाणं सोडतं, गाभण मादीची पिल्लं पडतात, आणि औषध मिळालं नाही तर जीवही जातो.

तुझे साथीदारही मला ठाऊक आहेत. पहिला म्हणजे एकाच पिंजऱ्यात दाटीवाटीने जनावरं कोंबून विकणारा दुकानदार. आईच्या अंगावरून तू पिल्लाच्या अंगावर जातोस आणि वरवर ठणठणीत दिसणाऱ्या जनावरात दबा धरून बसतोस. प्रवासाचा ताण, गर्भारपण, म्हातारपण किंवा ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता आली की डोकं वर काढतोस. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. म्हणून आमच्याकडे रोज ढोबळी मिरचीची फोड ठरलेली आहे, आणि सुकं गवत तर दिवसभर समोर असतंच.

दुसरा साथीदार म्हणजे घरगुती उपाय. कोणी खोबरेल तेल चोपडतं, कोणी कडुलिंबाचा पाला वाटून लावतं, कोणी कुत्र्याचं गोचिडांचं औषध अंदाजाने ओततं. गजकर्ण समजून आठवडेच्या आठवडे मलम लावणारेही आहेत. तू कातडीच्या आत असतोस, वरच्या लेपाने तुझं काय बिघडणार? त्याहून वाईट म्हणजे जखम चिघळली म्हणून घरातलं अमॉक्सिसिलिन पाजणं. ते गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि त्यापायी जनावर दगावू शकतं. हे वाक्य वाचकांनी अधोरेखित करून ठेवावं.

तुझा शेवट कशाने होतो तेही इथे लिहितो. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन मिळालं. त्यामागच्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. ते इंजेक्शन किंवा मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब, यांतलं काय आणि किती द्यायचं हे लहान प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य ग्रॅममधलं वजन पाहून ठरवतो. तो कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तुला शोधतो; कधीकधी तू सापडत नाहीस, तरी लक्षणं पाहून उपचार सुरू करतो. यात धसमुसळेपणा चालत नाही, कारण डोस चुकला तर विष होतं.

औषध अंड्यांवर चालत नाही, आणि नेमका तिथेच तू निसटतोस. पहिल्या डोसनंतर खाज कमी होते, घरचे निर्धास्त होतात, अंडी फुटतात आणि तू परत येतोस. म्हणून दुसरा डोस, बहुतेक वेळा तिसराही, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला द्यावाच लागतो. सोबतचा गिनीपिग कितीही टवटवीत दिसला तरी त्यालाही सोडायचं नाही. अंथरूण फेकायचं, पिंजरा गरम पाण्याने घासायचा, लाकडी घरटं टाकून द्यायचं. आमच्या हातांवर उठलेल्या लाल पुळ्यांचं आम्हांला भय नाही. माणसाच्या अंगावर तुझी वीण चालत नाही. जनावर बरं झालं की त्या पुळ्याही जातात.

हे पत्र वाचणाऱ्यांनो, नवा गिनीपिग आणलात तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. कोंडा किंवा खाज दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि दवाखान्यातून निघण्याआधी पुढच्या डोसची तारीख लिहून घ्या.