नक्षीचे पारखी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील ग्रामीण समाजाविषयीच्या लेखनात कारखान्याचा संचालक, द्राक्षबागायतदार, पैलवान आणि शर्यतीच्या बैलांचा शौकीन या व्यक्तिप्रकारांना मानाचे पान मिळत आले आहे. मात्र पिकअपसाठी टायर निवडणाऱ्या गृहस्थाची नोंद कोणी घेतलेली नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण द्राक्षबागेवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आल्यावर कोणते औषध मारायचे हा अख्ख्या हंगामाचा निर्णय जो माणूस औषधाच्या दुकानदाराच्या एका शब्दावर घेतो, तोच माणूस चार टायरांसाठी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत विचारविनिमय करतो, आणि या विसंगतीचे स्पष्टीकरण कृषिशास्त्रात सापडत नाही.

हा गृहस्थ साधारणतः तिशी ओलांडलेला असतो आणि वयाने वडील असलेली माणसेही त्याला बापू म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरणे सोयीचे होईल. त्याच्या दारात पिकअप उभी असते. पिकअप म्हणजे पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा आणि दीड टनाच्या आगेमागे पासिंग असलेली गाडी. पासिंग म्हणजे परिवहन कार्यालयाने कागदावर मान्य केलेली वजनाची मर्यादा, आणि हौद्यात प्रत्यक्ष किती वजन चढते हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. गाडीच्या पाटीवर एमएच १०, ११ किंवा ५० यांपैकी आकडा असतो, मागच्या फाळक्यावर ग्रामदैवत प्रसन्न असते आणि टायर अद्याप बऱ्यापैकी शाबूत असतानाच बापूला ते बदलावेसे वाटू लागतात.

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्यावरील खाचांच्या कामाला या भागात नक्षी म्हणतात. टायरभोवती सरळ गोल फिरणाऱ्या खाचांची नक्षी ती रिब, आडव्या जाड ठोकळ्यांची ती लग. रिब डांबरावर गपगुमान चालते व स्टिअरिंगला हलकी पडते, तर लग मातीत ओढ घेते, आणि म्हणूनच ट्रकवाल्यांच्या जुन्या पिढीने पुढे रिब व मागे लग अशी वाटणी करून हा विषय आपल्यापुरता संपवला होता. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर, मुरूम, खडी आणि बेताचा चिखल या सर्वांवर चालावे अशा हिशेबाने सुट्या ठोकळ्यांची नक्षी दिलेला टायर, ही या दोहोंमधील तडजोड होय. ठोकळ्यांमुळे बोलण्यात त्याला बटन टायर म्हणतात. तडजोड असल्यामुळे तो कोणत्याच कामात पहिला नंबर काढत नाही, दिसण्यात मात्र निर्विवादपणे काढतो.

वास्तविक या टायरची बाजू मांडायला सातारा-सांगलीइतका अनुकूल मुलूख महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माण तालुक्याला पाचशे मिलिमीटरांवर वर्ष काढावे लागते; पश्चिमेला लाल जांभा, कृष्णाकाठी वाळवा-पलूस-मिरजेकडे पायाला धरून ठेवणारी काळी माती, आणि पूर्वेला आटपाडी-जतकडे चाकाखालून दगड उडवणारा माळ. सकाळी पसरणीचा घाट उतरून वाईला आलेली स्ट्रॉबेरीची गाडी दुपारनंतर दहिवडीच्या फुफाट्यात असू शकते. इतका बिनतोड युक्तिवाद हाताशी असताना बापू तो कधीही करीत नाही, कारण त्याची गाडी यांपैकी कुठेच जात नाही. तिचा मार्ग वस्ती ते तासगावचा बेदाणा बाजार आणि तेथून सांगलीचे मार्केट यार्ड असा ठरलेला असून, त्यातील कच्चा भाग वस्तीपासून डांबरापर्यंतचा आहे, ज्यावर बापूने स्वतःच्या खर्चाने मुरूम टाकून घेतला आहे. ऑक्टोबरातील फळछाटणीच्या सुमारास परतीचा पाऊस लागून रान ओले होते तेव्हा त्या चिखलात फवारणीसाठी ट्रॅक्टर उतरतो आणि पिकअप रस्त्यालाच उभी राहते. माल निघतो तो जानेवारीपासून पुढच्या कोरड्या महिन्यांत, जेव्हा बागेत चिखल औषधालाही मिळत नाही. तेव्हा बापूच्या दृष्टीने सर्वात खडतर भूमी म्हणजे पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारखे शर्यतीचे मैदान, जिथे जमीन सपाट असली तरी पाहणारे पुष्कळ असतात.

निवडीची पहिली पायरी सल्ल्याची. पंक्चरवाला टिकाऊपणा सांगतो, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा भाचा रबराच्या मिश्रणाविषयी बोलतो, गल्लीतला दुसरा पिकअपवाला स्वतः घेतलेले टायर सोडून जगातील कोणतेही टायर घेऊ नये असे सुचवतो. या मुलखाची अवजारांबाबतची चिकित्सा जुनीच आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते अशी समजूत शेतकऱ्यांत असल्यामुळे किर्लोस्करांचे पहिले नांगर बराच काळ गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून होते, आणि ज्या कंपनीने ती समजूत मोडली तिची १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यातच आहे. फरक एवढाच की तेव्हाचा शेतकरी उपयोगाची वस्तू नाकारत होता.

दुसरी पायरी दुकानातील परीक्षेची. बापू टायरच्या ठोकळ्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहतो, गालावर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बोटाच्या पेराने टकटक करतो, आत डोके घालून रबराचा वास घेतो आणि मग मोबाइलच्या उजेडात तारीख शोधतो. ही तारीख चार आकडी असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२४ याचा अर्थ २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मग माप येते. २१५/७५ आर १५ यात २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे गालाची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. बापूला हे सर्व तोंडपाठ असते. दुकानदारालाही ते ठाऊक असते, म्हणून तो मापाची चर्चा लांबवत नाही. "बापू, दोनशे पंधरा घ्या न्हायतर दोनशे पस्तीस घ्या, रिम त्योच. पण पस्तीस घातल्यावर गाडी कशी दिसंल, ते बघा की," एवढे बोलून तो चहा सांगतो, आणि चहा येईपर्यंत पाच महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल लागलेला असतो.

या साऱ्या चौकशीत एक प्रश्न हटकून राहून जातो, आणि मालवाहू गाडीच्या बाबतीत नेमका तोच महत्त्वाचा असतो. टायरचा सांगाडा किती भार पेलतो हे दाखवणारे एक मानांकन असते, त्याला प्लाय रेटिंग म्हणतात व ते ८ पीआर अशा रीतीने लिहितात. शिवाय गालावर भाराचा एक निर्देशांकही छापलेला असतो. बटन नक्षीचे कित्येक टायर जीपसारख्या प्रवासी गाड्यांसाठी बनवलेले असतात, त्यांनी बेदाण्याच्या पंधरा किलोच्या शेकडो पेट्या वाहाव्यात अशी त्यांच्या कर्त्याची अपेक्षा नसते. तथापि नक्षी पाहून झाल्यावर आकडे पाहणे हे बापूला रसभंगाचे वाटते.

टायर बसले की दोन तक्रारी सुरू होतात. पहिली आवाजाची; सुटे ठोकळे डांबरावर आपटत जात असल्याने साठच्या वेगाला केबिनमध्ये एकसुरी घुमणे सुरू होते आणि शेजारी बसलेल्या मंडळींना बोलणे थांबवावे लागते. बापूच्या मते तो आवाज नव्हेच. "टायर रस्ता धरतंय," असे तो म्हणतो. दुसरी तक्रार अॅव्हरेजची, आणि ही तो स्वतःच करतो. जड व ठोकळेबाज टायर फिरवायला डिझेल थोडे जास्त लागते हे खरे. पण यात मीटरचाही हात आहे. २१५ ऐवजी २३५ घातल्यास चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटरांवरून ७३३ वर जातो, म्हणजे एका फेऱ्यात गाडी चार टक्के अधिक पुढे सरकते, परंतु मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबाने मोजत राहतो. मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०४ किलोमीटर गेलेली असते. तोट्यातला एक हिस्सा निव्वळ हिशेबाचा असल्याचे भाच्याने कागदावर मांडून दाखवले, तरी बापू ते मान्य करीत नाही, कारण मग भाडेही १०४ किलोमीटरांचे मागायला हवे होते, ही जखम नव्याने उघडी पडते.

एखाद्या वर्षी मृगात, पाहुण्यांना टायर दाखवण्याच्या भरात, गाडी खरोखरच काळ्या रानात घातली जाते. काळी माती ओली झाली की ती ठोकळ्यांमधील खाचांत गच्च बसते, आणि खाचा भरल्या की महागडी नक्षी व झिजून गोटा झालेला टायर यांत फरक उरत नाही. त्यातून रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसते आणि ओढ मात्र त्यांनाच असते, त्यामुळे चाके जागच्या जागी गरगरत खाली जातात. अशा वेळी बांधावरून एखादे नाना येतात, ज्यांनी उभी हयात रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेल्या, टायरांवर काढलेली असते. "बापू, मागची हवा निम्मी कर आन् चाकाखाली पाचट घाल," हा त्यांचा सल्ला शास्त्राला धरून असतो, कारण हवा कमी केल्याने टायर पसरून जमिनीवर जास्त जागा व्यापतो. पण तो फुकट असल्यामुळे बापू ट्रॅक्टर बोलावतो.

उतरवलेले जुने टायर बापू दुकानदाराला देत नाही. ते मुरघासाच्या, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यावरील प्लास्टिकवर वजन म्हणून ठेवले जातात, आणि अशा रीतीने गाडीवर असताना जे कधी रानात गेले नव्हते ते पेन्शनीत का होईना तिथे पोहोचतात. स्टेपनी मात्र जुन्या मापाचीच राहते, कारण खर्च चारांचाच धरलेला असतो. मागच्या दोन चाकांचा व्यास वेगळा असला तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला, उसंत मिळत नाही, हे बापूला ठाऊक असल्याने पंक्चर झाल्यावर तो स्टेपनी लावतो ती चोरट्यासारखी आणि परततो तो तीसच्या वेगाने. मग पाचव्या टायरची चौकशी सुरू होते. तोवर कंपनीने ती नक्षी बदललेली असते, नवी जुन्याशेजारी शोभणार नाही असे दुकानदार कळकळीने सांगतो, आणि बापू पुन्हा भाच्याला फोन लावतो.