घरोट ते इंजिन: फिरवायला शिका, घरबसल्या

पात्रता: दोन हात आणि पहाटे उठवणारं एक माणूस. शिक्षणाची अट नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) शाळेचं तोंड न पाहता ‘घरोट’ ही कविता रचली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं. तिथं भौतिकशास्त्र शिकायचं तर गुणपत्रिका लागते, इथं लागत नाही.

साहित्य: एक घरोट (खानदेशाबाहेरच्यांसाठी: जातं), शेरभर दादर ज्वारी, मूठभर काळे उडीद. अभ्यासक्रम संपल्यावर कळण्याची भाकरी प्रमाणपत्र म्हणून मिळेल. पीठ पडलं तर.

आता एक पाय पसरून बसा आणि खुंटा धरा. बहुतेक नवशिके इथंच चुकतात: खुंटा थेट मधल्या मेखेकडे रेटतात. कपाळावर घाम, दगड ढिम्म. याला म्हणतात भरपूर बल आणि शून्य टॉर्क. टॉर्क म्हणजे बल गुणिले मेखेपासूनचं अंतर, पण बल त्या अंतराला काटकोनात लागलं तरच हा हिशेब पुरा भरतो. मेखेच्या दिशेनं लावलेला जोर मेख सोसते, पीठ पाडत नाही. खुंटा तर सारखा गोल फिरणार, म्हणजे हातालाही क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागणार. पुस्तकात बाणाची एक आकृती काढून हे संपतं. मनगटाला कळायला आठवडे लागतात.

खुंटा कडेला का ठोकलाय, असा प्रश्न पडला असेल तर तो मेखेपासून निम्म्या अंतरावर आहे असं समजून दळून बघा. तेवढ्याच टॉर्कला दुप्पट जोर लागेल. ज्या कारागिरानं खुंट्याची जागा ठरवली, त्याला हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं.

पुढची तक्रार ठरलेली: “दगड जड आहे, म्हणून दमायला होतं.” दोष फिरत्या जडत्वाचा म्हणत असाल तर साफ खोटं. वरचा दगड वीस किलोचा आणि वीस सेंटीमीटर त्रिज्येचा धरू. भरीव चकतीचं फिरतं जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याच्या निम्मं. दीड सेकंदात एक फेरा या गतीला त्यात साठलेली ऊर्जा येते जेमतेम साडेतीन ज्यूल. किलोभर साखर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उचलायला एवढीच लागते. ही ऊर्जा एकदाच भरायची, पहिल्या हिसक्याला. त्यानंतर तुम्ही जे रात्रंदिवस ढकलताय ते जडत्व नव्हे, दोन दगडांमधल्या दाण्यांचं घर्षण आहे. जडत्व फक्त बदलाला नाही म्हणतं, चालू फिरण्याला त्याची काहीच हरकत नसते. खात्री करायची असेल तर दळता दळता खुंटा सोडून द्या. घास पडलेला दगड पाव फेराही न जाता थांबतो.

मग ते साडेतीन ज्यूल कशाला? हात पूर्ण ताणला जातो, जोर लागेनासा होतो, त्या एका अवघड टप्प्यावरून दगड पुढं सरकायला. जोडीनं दळायला बसलात तर त्याचीही फारशी गरज उरत नाही: एकीचा हात ताणलेला असतो तेव्हा खुंटा दुसरीच्या पोटाशी असतो. नणंद-भावजयींमध्ये एवढा समन्वय इतर कुठल्या कामात दिसल्याची नोंद मला सापडलेली नाही.

दाणे भरडच पडत असतील तर दगड टाकी मारून घ्या, जडत्वाला दोष देऊ नका.

खरंखुरं जडत्व बघायचं तर धुळ्याकडच्या वाचकांनी साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर जाऊन पवनचक्क्या बघाव्यात. तीसेक मीटरची पाती वारा आल्यावरही किती आळसानं उठतात बघा. तेवढंच वजन दुप्पट अंतरावर नेलं की जडत्व चौपट होतं. तिथं हात लावायचं काम नाही.

हात लावायचं काम आहे इंजिनाला. रावेर-यावलच्या केळीबागांत विजेचे खांब पोचायच्या आधी विहिरीचं पाणी वर यायचं मोटेनं, नाहीतर डिझेल इंजिनानं. दोन बाजूंना दोन जाडजूड फ्लायव्हील, सगळं वजन मुद्दाम कडेला. कारण तेवढ्याच वजनाच्या आणि त्रिज्येच्या भरीव चकतीपेक्षा कड्याचं जडत्व दुप्पट असतं. घरोटानं शिकवलेलं इथं उलटं करायचं. आता जडत्वच कामाला लावायचंय.

वरची लिव्हर टाकून व्हॉल्व्ह उघडी ठेवा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणार नाही. हँडल अडकवा. अंगठा बोटांच्या बाजूला, मुठीभोवती गुंडाळू नका. इंजिनानं उलटा फटका दिला तर हँडल निसटायला वाट हवी. पहिले दोन फेरे जिवावर येतील, कारण एवढ्या जडत्वाला वेग द्यायला टॉर्कही तेवढाच हवा. कोपऱ्यातून कुणीतरी “हळू रे भो!” म्हणेल. ऐकू नका. वेग दुप्पट केला की साठवण चौपट होते, आणि हवा दाबून पिस्टन पलीकडे नेण्याइतकी साठवण तुमच्या दंडात नाही, त्या चाकांतच आहे. वेग पुरेसा झाला की लिव्हर सोडा. पेटलं, की इंजिन तुमच्या पुढं धावतं आणि हँडल सुटं होतं. ते ओढून घ्या. नाही पेटलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोष डिझेलचा, असं म्हणायची पद्धत आहे.

बंद करायला डिझेल तोडा आणि लांब उभे राहा. चाकं लगेच थांबणार नाहीत, हातानं थांबवायला जाऊ नका. गळ्यातला रुमाल आधीच काढून ठेवला असेल तर तेवढ्या वेळात केळीच्या कुठल्या सरीपर्यंत पाणी पोचलं ते बघून यायला हरकत नाही.