तलाकला रेंज, निकाहला नाही

नवरदेव दोह्यात, नवरी मिरजेत, मध्ये काझी लॅपटॉप उघडून. असा निकाह लागतो का? जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० मध्येच आधुनिक साधनांवरून होणारे करार मान्य केले, निकाह मात्र वगळला. कारण, साक्षीदार लागतात. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, औरंगाबादचा नवरा आणि बीडची नवरी व्हिडिओ कॉलवर 'कबूल' म्हणून मोकळे झाले. आभाळ कोसळलं नाही.

तलाकला मात्र असलं पथ्य कधीच नव्हतं. पोस्टकार्ड चाललं, तार चालली, एसएमएस, मग व्हॉट्सअ‍ॅप. तोंडी तलाक बंद करा म्हणत हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांचा मोर्चा मुंबईत नेला. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक मोडीत काढला २०१७ साली. एक्कावन्न वर्षं! पुढे २०१९ च्या कायद्यात 'इलेक्ट्रॉनिक' तलाकही बेकायदा, असं मुद्दाम लिहावं लागलं. मोबाइल कायद्यात शिरला तो असा, घर मोडणाऱ्याच्या हातातून.

बरं, समोरासमोरचा निकाह तरी किती समोरासमोर? कराडच्या नाहीतर सांगलीच्या कुठल्याही शादीखान्यात बघा. नवरदेव सेहरा बांधून काझीपुढे, नवरी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात. नवरीच्या वतीने बोलणारा वकील आणि दोन गवाह आत जातात, मेहरची, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम सांगतात, मंजूर का विचारतात. मामी कोपराने ढोसते, ओढणी जराशी हलते, मंडळी बाहेर येऊन सांगतात : कबूल. कुमारिका गप्प राहिली तरी होकारच धरायची सोय आहे. काझीने तिला पाहिलेलंही नसतं. भिंतीपलीकडची नवरी चालते, काचेपलीकडची नाही!

प्रतिसरकारच्या काळात याच मुलखात नाना पाटलांच्या माणसांनी हुंडा-मानपानाला फाटा देऊन गांधी विवाह लावले. लग्नातलं काय कापायचं नि काय राखायचं, हे इथे कुणी नव्याने शिकवायला नको. राखायचं ते मेहर. तिथे निकाहनाम्यावर मुकाट्याने 'उधार' लिहितात, आणि त्यावर वाद घालायला एकही विद्वान लॅपटॉप उघडत नाही.

नोंदणीला मात्र दोह्यातल्या जावयाला यावं लागेलच. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याला दोघं समक्ष लागतात, वर तीन साक्षीदार. तोवर मेहर ऑनलाइन पाठव म्हणावं. पैसे पाठवायला साक्षीदारांची अट कुठल्याही फतव्यात नाही.