प्रश्न आहे, पण विचारू कोणाले?

वऱ्हाडी माणसाला प्रश्न विचारायला शिकवावं लागत नाही. ‘काहून जी, नळ काहून नाही आला?’ हे तो दात घासतानाच विचारतो. अडचण आहे ती पत्त्याची. अमरावतीत हा प्रश्न घेऊन महापालिकेत जावं, तर कळतं की पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. पालिकेकडे उरलं ते शहर. अकोल्यात पाणी पालिकेचंच. पण ते महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, म्हणून उत्तरही धरणाकडे बोट दाखवून मिळतं.

मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि विचारायला नगरसेवकच उरले नाहीत. मुदतीआधी निवडणूक पूर्ण करा, असं ७४व्या घटनादुरुस्तीने बजावलं आहे. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं सारा कारभार प्रशासकाचा. प्रस्ताव त्याचा, चर्चा त्याची आणि मंजुरीही एकमताने! इतकं शिस्तीचं सभागृह लोकशाहीला कधी जमलं नव्हतं.

आता अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार. म्हणजे नाली तुंबली की पहिला दुसऱ्याकडे पाठवणार, दुसरा तिसऱ्याकडे, अन् चौथा लग्नाला गेलेला. तेव्हा बाप्पा, चौघांनाही एकाच दिवशी, एकच प्रश्न, लेखी विचारा. आणि उत्तराआधी पोच घ्या. तेवढी तरी नक्की मिळेल.