लोगो जरा मोठा कर की

सांगलीच्या पेठेत अण्णांचा कांदा-लसूण मसाला वर्षानुवर्षं खपतोय, तो कुठल्याही वेबसाइटवाचून. पत्ता विचारलात तर लोक सांगतात, ठसका लागला की थांबा. पण व्याह्यांच्या बेदाण्याच्या धंद्याची वेबसाइट झाली आणि अण्णांची झोप उडाली. आपल्याकडे धंद्याला वेबसाइट लागते ती बहुतेक अशीच, व्याह्यांमुळे. गिऱ्हाइकाचा संबंध अगदी शेवटी येतो, आला तर.

डिझायनर म्हणून मेहुण्याच्या ओळखीतलं एक पोरगं आलं. पाठीवर सॅक, चेहऱ्यावर जागरण. त्यानं पाच पानांचं कोटेशन दिलं : होम, अबाउट अस, प्रॉडक्ट्स, गॅलरी, कॉन्टॅक्ट. दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की मोटार रिवाइंडिंग, पानं हीच. निम्मे पैसे आगाऊ आणि वर अठरा टक्के जीएसटी. "कच्च्यात होतंय का बघ की," अण्णा म्हणाले. कच्च्यात झालं. त्यामुळे पुढे जे जे घडलं त्याचा कागद कुणाकडेच नाही.

डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे जागा, दोन्ही भाड्याची, भाडं वर्षाच्या वर्षाला, हे पोरानं नीट समजावून सांगितलं होतं. त्या वेळी अण्णा रंगाविषयी बोलत होते.

मग समिती बसली. घरात चार माणसं असली तरी वेबसाइटच्या बैठकीला नऊ जण असतात. वहिनींना पिवळा हवा होता, साधासुधा नव्हे, सांगलीच्या हळदीचा. या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा बोलायची कुणाची टाप नव्हती. त्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं घालावीत असं थोरल्या काकांनी सुचवलं. पुण्याचे जावई व्हिडिओ कॉलवरून म्हणाले, "एकदम क्लीन ठेवा, ॲपलसारखं." त्याच दमात मेहुण्यांनी वर 'सुस्वागतम्' अशी पळती पट्टी मागितली. पोरानं दोन्हीला 'हो' म्हटलं. चांगला डिझायनर इथे भांडतो, हुशार डिझायनर उरलेले पैसे आठवतो.

अण्णांची सूचना एकच होती. "लोगो जरा मोठा कर की." केला. "अजून जरा." केला. मग मोबाइलवर वेबसाइट उघडली की आधी फक्त लोगो दिसायचा. अंगठ्यानं सरकवलं की हार घातलेले आजोबा दिसायचे. मसाला त्यांच्या खाली.

फोटोंचं म्हणाल तर मिरची कांडणारा डंक चालू असतानाचा एकही नाही. वाळत घातलेली ब्याडगी नाही, संकेश्वरी नाही, कढईत खोबरं भाजणाऱ्या बायका नाहीत. "पसारा दिसतो," वहिनी म्हणाल्या. म्हणजे ज्या पसाऱ्यासाठी माणूस वाट वाकडी करून दुकानात येतो तोच कापला. त्याऐवजी कानाला हेडफोन लावलेली एक परदेशी मुलगी हसत बसली होती. हीच मुलगी सांगली-मिरज रस्त्यावरच्या किमान दोन दंतवैद्यांकडेही कामाला आहे.

खरी रखडपट्टी मजकुरावर झाली. डिझायनर मागतोय, अण्णा म्हणताहेत, "तूच टाक काहीतरी चांगलं." इथे मी पोराच्या बाजूचा आहे. तीन पिढ्या मिरची कांडणाऱ्या माणसाला मसाल्यात काय घालतो हे चार ओळींत लिहून देता येत नाही, आणि ज्यानं कधी मिरची निवडली नाही त्यानं ते लिहावं ही अपेक्षा. मजकूर येईपर्यंत जागा भरायला डिझायनर लोक 'लोरेम इप्सम' नावाचा लॅटिन उतारा टाकतात. तो सिसेरोच्या इसवी सनपूर्व 45 मधल्या ग्रंथातून मोडतोड करून घेतलेला आहे आणि मुळात त्यात वेदनेची चर्चा आहे. लवंगी तिखटाच्या पानावर तो तसाच राहिला. कुणाचीही तक्रार नाही.

मराठी मजकूर शेवटी छापखान्यातून आला, जुन्या पाकिटासाठी डीटीपी केलेला. वेबसाइटवर चिकटवला तर रोमन अक्षरं, डॉलर आणि मधूनच पौंडाचं चिन्ह. कारण त्या जुन्या फॉन्टांत मराठी वळणं रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेली असतात, फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून मजकूर त्यात बदलून किंवा पुन्हा टाइप करून घ्यावा लागतो. ते कुणी करायचं यावर बैठक झाली, आणि मजकूर इंग्रजीत गेला. 'व्हिजन' आणि 'मिशन' चुलत भावानं एका सिमेंटवाल्याच्या वेबसाइटवरून उचललं. अण्णांचा मसाला त्यामुळे भेगांपासून संरक्षण देऊ लागला.

जगातली पहिली वेबसाइट 1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेतून खुली केली. पांढरं पान, काळी अक्षरं, पुढे जायला दुवे. हे काय आहे आणि अधिक माहिती कुठे मिळेल, एवढंच त्यात होतं. लोगो मोठा करा म्हणणारं तिथे कुणी नसावं.

उद्घाटन मात्र थाटात झालं. लॅपटॉपला लाल फीत बांधली, नगरसेवकांनी ती कापली, नारळ स्क्रीनपासून सुरक्षित अंतरावर फोडला. अण्णा रोज सकाळी गुगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव घालायचे आणि आपण पहिले येतो म्हणून खूश व्हायचे. नाव घालून शोधल्यावर दुसरं कोण येणार? मग एक जण दरमहा पैसे घेऊन 'गुगलवर कायम एक नंबर' आणायला तयार झाला. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः लिहून सांगतं; पण गुगल काही ओळखीतलं नाही.

मध्ये माझ्या पुण्याच्या भाचीला दोन किलो मसाला हवा होता. ती वेबसाइटवर गेली. भाव नाही. दुकान कुठल्या वारी बंद, ते नाही. कुरिअर करतात का, ते नाही. फोन नंबर एका चित्रात कोरलेला, दाबला तर लागत नाही. शेवटी तिनं फॉर्म भरला. तो फॉर्म डिझायनरच्या एका जुन्या ईमेलवर जायचा, आणि पोरगं आता बंगळुरूला नोकरीला आहे. भाचीनं मला फोन केला, मी अण्णांना केला, मसाला दुसऱ्या दिवशी रवाना झाला. या व्यवहारात वेबसाइटचा वाटा काय, हे अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "जाहिरात होते की!"

गेल्या महिन्यात ती जाहिरातही थांबली. वर्षाचं भाडं भरायची आठवण त्याच जुन्या ईमेलवर येत राहिली, मुदत टळली आणि अण्णांच्या नावाच्या पत्त्यावर रमीची जाहिरात झळकू लागली. समिती पुन्हा बसली आहे. या वेळी हिरवा रंग घ्यावा असा विचार चालू आहे.

तुमच्या दुकानाची वेबसाइट असेल तर आज ती मोबाइलवर, गिऱ्हाइकासारखी उघडून बघा : भाव, वेळ आणि दाबल्यावर लागणारा नंबर पहिल्याच पानावर आहे का? शिवाय डोमेन आणि होस्टिंग तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर करून घ्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. डिझायनर गावात आहे तोवरच.