नावं ठेवणारा काका

पुतण्याच्या बायकोला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तिला फोन करून मी तब्येत विचारली नाही. मी विचारलं, "नावाचं काय ठरलंय?"

"काका, अजून तिसराच महिना आहे."

"मग घाई करायला हवी."

नाव ठेवायचं तर कोशवाल्या काकाला विचारल्याशिवाय आमच्या घराण्यात पान हलत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. माझ्याकडे आपट्यांचा संस्कृत कोश आहे. 1890 साली पहिल्यांदा छापलेला हा ग्रंथ इतका जड आहे की तो वाचायला मांडी लागते आणि उचलायला पुतण्या लागतो. जन्मभर हिशेबखात्यात बेरजा केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर विद्वान व्हायला तेवढं वजन पुरतं. आजवर मी नातेवाईकांना सतरा नावं सुचवली. त्यांपैकी एकच लागलं, तेही शेजाऱ्यांच्या मांजरीला. मंजुघोषा. तिला सगळे मनी म्हणतात.

पण माझ्या पाठीशी साक्षात पतंजली आहे. व्याकरण कशासाठी शिकायचं, याची जी कारणं त्यानं महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगितली आहेत, त्यांत मुलाचं नाव ठेवणं हेही एक आहे. दहावा दिवस उलटला की नाव ठेवावं, ते दोन किंवा चार अक्षरी असावं, कृदन्त म्हणजे धातूपासून साधलेलं असावं, तद्धित म्हणजे नामापासून साधलेलं नसावं. आणि कृत् कुठला नि तद्धित कुठला हे व्याकरणावाचून कळणार कसं? म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा पाळण्याशेजारी एक काका बसलेला होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. ऐकत असते तर त्याला एवढं लिहावं लागलं नसतं.

हल्ली ही काकांची जागा मोबाईलनं घेतली आहे. मोबाईलमधल्या याद्यांत मुलाच्या नावाचे तीनच अर्थ असतात: विष्णू, शंकर आणि सूर्याचा पहिला किरण. मुलींचेही तीन: लक्ष्मी, सुंदर आणि दवबिंदू. या सहा खुंट्यांवर हजारो नावं टांगलेली असतात. कियान हे जुन्या इराणी राजघराण्याचं नाव. यादीत अर्थ लिहिलेला, 'देवाची कृपा'. रेयांश म्हणे किरणाचा अंश. त्यातला 'रे' इंग्रजी शाळेतला आणि 'अंश' वेदपाठशाळेतला. दोघांची गाठ पाळण्यात पडली.

अर्थात आमच्या पिढीनं फार दिवे लावले होते अशातला भाग नाही. आमच्या वर्गात चार प्रकाश होते आणि तरी उजेड नव्हता.

मूल हस्त नक्षत्रावर जन्मलं. हस्ताच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. गुरुजींनी चरण तिसरा सांगितला. म्हणजे ण. आपल्याकडे 'ण' बाणातला, आणि बाणातच राहतो. शब्दाच्या सुरुवातीला यायची त्याची छाती नाही. पंचांग लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं नाही, पण कोष्टकात घर रिकामं ठेवायचं नाही हा हिशेबखात्याचाच बाणा, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. शेजारच्या चरणावर सरकून मी ठकसेन सुचवलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बारशाला गेलो तो असा जखमी होऊन. आत्याबाई पाळण्यावर वाकल्या, कुर्रर्र झालं, मागून पाठीत धपाटे बसले आणि नाव जाहीर झालं: शर्विल.

मी हसलो. म्हणजे मोठ्यांदा हसलो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यात इतकी माणसं एकाच वेळी माझ्याकडे पाहत असण्याचा प्रसंग फारसा आलेला नाही. मी उभा राहिलो.

"शर्विलक कोण, माहीत आहे का कुणाला?" मी म्हणालो. "चोर! मृच्छकटिकातला घरफोड्या!"

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण शर्विलक हा माझा जीव की प्राण. शूद्रकानं जगाला चारुदत्त दिला, वसंतसेना दिली, ते ठीक आहे. पण रात्री उज्जयिनीत भिंत फोडायला निघालेला हा ब्राह्मण चोर देऊन त्यानं कमाल केली. भिंतीपाशी आल्यावर हा पठ्ठ्या काय करतो? चोरांचा देव म्हणून कार्तिकेयाला नमस्कार करतो. विचारात पडतो, की भोक कुठल्या आकाराचं पाडावं? उमललेल्या कमळाचं? सूर्याचं? चंद्रकोरीचं? स्वस्तिकाचं? या भाजलेल्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल, असं तो ठरवतो. कारण उद्या सकाळी शेजारीपाजारी बघायला जमणार, त्यांनी कारागिरीला नावं ठेवता कामा नयेत! मग लक्षात येतं, मापाची दोरी घरी राहिली. हरकत नाही, गळ्यात जानवं आहे. आणि मग तो भर चोरीत जानव्याचे उपयोग मोजतो: भिंत मापता येते, अंगावरचे दागिने अलगद उकलता येतात, कडी काढता येते, साप चावला तर बोट आवळता येतं. लगेच त्याला साप चावतोही. जानवं बोटाला बांधून हा पुढे कामाला लागतो.

आत शिरतो तर घरात मृदंग, वीणा, बासऱ्या. हे नाचगाणं शिकवणाऱ्याचं घर आहे की काय, अशी त्याला शंका येते. घर चारुदत्ताचं, आणि त्याच्याकडे उरलेलंच तेवढं. शेवटी झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय स्वतःच्या हातानं दागिन्यांचा डबा त्याच्या हवाली करतो. घरमालक उठतो आणि भोकाचं कौतुक करतो! वर त्याला समाधान, की बिचारा चोर आपल्या घरून रिकाम्या हातानं गेला नाही. आमच्या सोसायटीत सायकल गेली तेव्हा दोन महिने सभा चालल्या. असो.

हे सगळं मी बारशात सांगितलं. साप चावतो तो भाग हातवारे करून. घुगऱ्यांची ताटली हातात तशीच राहिली होती. सांगायच्या राहिल्या त्या दोन गोष्टी. एक, हा चोरी करतो ती प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. आणि ती सुटून हाती लागते न लागते तोच, मित्र तुरुंगात पडल्याचं कळताच तिला एका ओळखीच्या घरी पाठवून मित्राला सोडवायला धावतो. असा माणूस घराण्यात जन्मला तर पेढे वाटावेत. दुसरी, शर्व हे शंकराचं नाव आहे, तेव्हा मोबाईलमध्ये 'शंकर' असा अर्थ दिला असेल तर तो अगदीच हवेतला नाही. ही दुसरी गोष्ट मला आधीपासून माहीत होती. मी ती मुद्दाम मागे ठेवली होती. विद्वत्तेतही थोडी घरफोडी असते.

पाळण्याजवळ बाळंतीण उभी होती. बारा दिवसांत तिची झोप झालेली नव्हती हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या डोळ्यांत आता पाणी यायला लागलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "दगड्या, खाली बैस."

अक्का. माझी थोरली बहीण. वय ब्याऐंशी.

मी बसलो. सगळ्या पोरांना कळलं की काकांचं नाव दगड्या आहे, आणि मघाच्या चोराला जेवढं हसू मिळालं नव्हतं तेवढं याला मिळालं.

कागदोपत्री मी दिगंबर. नरसोबाच्या वाडीला आजीनं केलेल्या नवसाचा. या नावाचा मला फार अभिमान होता, आठवीपर्यंत. आठवीत संस्कृतच्या गुरुजींनी बहुव्रीहि समास शिकवताना माझ्याकडे बोट दाखवलं: दिशा हेच ज्याचं अंबर आहे असा तो. म्हणजे? म्हणजे उघडा. ते वर्ष मी कसं काढलं ते मला माहीत. कोशाचा नाद तिथूनच लागला असावा. ज्याची झाकली मूठ एकदा उघडली, तो पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या मुठी उघडत बसतो.

पण दिगंबरच्याही आधी मी दगड्या होतो, आणि त्या नावाचा अर्थ मी कुठल्याच कोशात कधी पाहिला नव्हता. पाहायची गरज काय? दगड म्हणजे दगड.

घरी परतताना रिक्षात अक्कानं सांगितलं. माझ्याआधी दोनदा पाळणा माळ्यावरून खाली आला होता आणि दोन्ही वेळा काही महिन्यांतच रिकामा वर गेला होता. अक्का तेव्हा लहान; माळ्याच्या शिडीवर आजोबा आणि खाली दोरी धरून ती. तिसऱ्यांदा आजीनं पाळणा काढूच दिला नाही. मला सुपात ठेवलं, शेजारणीला पसाभर कोंड्याला विकलं आणि परत घेतलं. दिगंबर हे नाव पत्रिकेत लिहून पत्रिका पेटीत टाकली आणि सगळ्यांना ताकीद दिली, पाच वर्षं हे नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. हाक मारायची ती दगड्या. "येणाऱ्यानं ऐकलं तर त्याला वाटावं, या घरात पोर नाही, दगडच आहे," अक्का म्हणाली. "तुझा अर्थबिर्थ तेव्हा कुणाला सुचत होता!"

मला माझ्या पिढीच्या आधीचे सगळे आठवले. धोंडू, केरू, कचरू, भिकू, नाकात नथ घालून मुलगी भासवलेला नथू. आम्ही शाळेत या नावांना किती हसलो! प्रत्यक्षात ती नावं मुलांची नव्हतीच. दारात कुणी येऊन उभं राहिलं तर त्याला ऐकवण्याच्या त्या थापा होत्या. आणि थापा लागूही पडत. धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले, 1958 साली भारतरत्न झाले आणि 104 वर्षं जगले. धोंड्याचं रत्न व्हायला शंभर वर्षं लागली, पण येणारा एवढा काळ फसला होता हे महत्त्वाचं.

आणि मग नकुसा, म्हणजे नकोशी, हे नाव आठवलं, आणि हसू गेलं. तेही नाव वरवर याच जातीचं वाटतं. पण दगडू हे खोटं होतं, नकुसा हे खरं होतं. दगडू यमाला ऐकवायचं होतं; नकुसा त्या मुलीला, रोज, जेवायला बोलावताना. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं मिळाली. त्यांचं खरं बारसं तेव्हा झालं, कुणाचं दहाव्या वर्षी, कुणाचं पंधराव्या. कित्येकींनी आपलं नाव आपणच निवडलं, काहींनी तर थेट सिनेमातल्या नटीचं. त्यांच्या नावांचे अर्थ काय, कृदन्त की तद्धित, हे विचारायला कुणी काका तिथे उभा राहिला नसेल अशी मी आशा करतो. राहिला असेल, तर त्याला खाली बसवायला एखादी अक्का असो.

घरी येऊन मी कोश उघडलाच. सवय. 'द'च्या पानांवरून दोनदा बोट फिरवलं. दगड मिळाला नाही. तो संस्कृत नाही, आपला आहे.

चार दिवसांनी पुतण्याच्या बायकोचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिलाच घाई होती.

"काका, शर्विल कागदावर राहू दे. पण अक्का त्याला सारख्या धोंड्या म्हणून हाक मारतात. आणि खरं सांगू, तो त्या हाकेला बघतो. मला राग आला होता, आता मीही म्हणायला लागलेय. आई विचारत होती, याचा अर्थ काय? तुम्हाला माहीत असेल."

कोश मांडीवर होता. मी तो उघडला नाही.

"जग," मी म्हणालो.

"जग म्हणजे वर्ल्ड? छान आहे की!"

"नाही गं. नाम नव्हे, क्रियापद. जगणे. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन."